कोपऱ्यावरच्या पोरींचे गुडघे

लोक पोरीसाठी कॉलेज बघायला जातात तेव्हा इमारत बघतात, हॉस्टेल बघतात, गेटवर पोरं घोळका करून उभी असतात का ते बघतात. मी गुडघे बघायला गेले होते. माझ्या पोरीचे नव्हेत, तिथं आधीपासून कबड्डी खेळणाऱ्या पोरींचे. माझी पोर बारावी झाली आणि सोलापुरातल्या दोन कॉलेजांचे कबड्डी शिकवणारे आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. दोघांनाही ती संघात डाव्या कोपऱ्यावर हवी होती. दोघांनीही कॉलेजचं लई कौतुक सांगितलं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की आज मी धडधाकट पोर देते, तर तीन वर्षांनी ती मला धडधाकट परत मिळणार का.

कारण माझ्या बापाला मी तशी परत मिळाले नव्हते. मीही खेळलेय. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, ज्याला आम्ही कव्हर म्हणायचो, तिथं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका चढाईवालीची मांडी धरली, ती सगळ्या अंगानिशी माझ्या गुडघ्यावर आली आणि माझा खेळ तिथंच संपला. सामना आम्ही जिंकलो. पेपरात फोटो आला तो आमच्या चढाई करणाऱ्या पोरीचा. वडिलांनी माझे बूट माळ्यावर टाकले आणि म्हणाले, झालं तेवढं पुरे. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून मला मांडी घालून बसता येत नाही. घरी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवते आणि देवळात भिंतीला टेकून उभी राहते. लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे.

कबड्डीत हे असंच आहे. चढाई करणारीचं नाव होतं आणि पकड करणारीचा गुडघा जातो. टाळ्या वाजतात तेव्हा पकड करणारी खाली असते आणि तिच्या अंगावर चारजणी असतात.

त्यात माझं कामच संशयाचं. मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवून आलेला कपडा वरून कितीही चकचकीत असू दे, मी तो आधी उलटा करते. शिलाई कुठं सुटली, कापड कुठं ओढून बसवलं, ते आतून दिसतं. नवरा म्हणतो, तू माणसंही उलटी करून बघतेस. बघतेच. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणार नाही तर काय करणार?

तर दोन्ही कॉलेजांची उन्हाळी शिबिरं होती, एकापाठोपाठ एक. पोरीनं दोन्हीकडं जायचं आणि मग कुठं प्रवेश घ्यायचा ते ठरवायचं, असं आमच्या घरात ठरलं. मी रजा टाकल्या. सुपरवायझर म्हणाला, लग्न हाय का घरात? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा जोखमीचं हाय.

पहिलं कॉलेज शहरातलं. तिथले सर गोड बोलणारे. घरी आले तेव्हा माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाले होते, ताई, असा चहा मी कुठं प्यालो नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा चहा मला ठाऊक आहे.

शिबिर एका मोठ्या हॉलमध्ये होतं. खाली मॅट, भिंतीला आरसे, कोपऱ्यात लोखंडी वजनं. वेळापूरकडची एक दणकट पोर खांद्यावर वजनाची दांडी घेऊन उठाबशा काढत होती आणि सर मोजत होते. तिथं कोपरा तयार करायची रीत अशी की गावाकडनं आधीच ताकदवान असलेली पोर आणायची, तिला खायला घालायचं, वजनं उचलायला लावायची आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यात उभी करायची. मग एकीमागून एक चढाईवाल्या तिच्यावर सोडायच्या. "घोटा धर, घोटा!" असं सर ओरडणार आणि ती झेप घेऊन घोटा धरणार. सुटला तर पुन्हा. संध्याकाळी मोठ्या टीव्हीवर पुरुषांचे सामने लावून थांबवून थांबवून दाखवणार. खरं सांगते, बघताना माझं रक्त उसळायचं. माझी पोर पकड करायला लागली की मी खुर्चीवरून उठायचे. आठवड्याच्या आत ती अशी झेपावायला लागली की मला माझं वय विसरायला झालं.

पण जुन्या पोरींच्या गुडघ्यांवर निळ्या-गुलाबी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मी सरांना विचारलं हे काय. ते म्हणाले, सपोर्ट असतो ताई, आजकाल टीव्हीवरचे खेळाडूपण लावतात. मी विचारलं, गेल्या वर्षी डाव्या कोपऱ्यावर कोण होती? त्यांनी नाव सांगितलं. आता कुठं आहे? नोकरी लागली. आणि तिच्या आधीची? तिचं लग्न झालं. आणि उजव्या कोपऱ्याची? तिचंपण लग्न झालं. चढाई करणाऱ्या पोरी मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्या होत्या, एकीचंही लग्न झालं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातले नवरे फक्त कोपऱ्यावरच्याच पोरी उचलतात की काय? कुठंतरी पाणी मुरत होतं.

विचारून कोणी खरं सांगत नाही. म्हणून मी माझी युक्ती केली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी घरून ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी, दही आणि पिठलं असं सगळं घेऊन गेले. हॉलबाहेरच्या पडवीत चादर अंथरली आणि म्हटलं, या गं पोरींनो, आज काकूकडनं जेवण. मेसमध्ये टेबल-खुर्च्या होत्या, सर म्हणाले तिकडं बसू. मी म्हटलं, नको, भाकरी खाली बसूनच गोड लागते. मला भाकरीचं काही पडलं नव्हतं. मला बघायचं होतं कोण कशी खाली बसते.

चढाईवाल्या पटापट मांडी घालून बसल्या. कोपऱ्यावरची वेळापूरवाली म्हणाली, काकू, आमी उभ्यानं खातो की. मी म्हटलं, अगं, उभ्यानं कोण जेवतं? तिनं भिंतीला पाठ लावली, एक पाय पुढं सरळ काढला आणि भिंतीवरून घसरत खाली आली. तो पाय जेवण होईपर्यंत सरळच होता. तशी बसणारी मला माहीत आहे. खाली बसायची वेळ आलीच तर मी तशीच बसते. दुसरी एक कव्हरवाली चादरीपर्यंत आलीच नाही, पायरीवर ताट घेऊन बसली.

माझी पोर सगळ्यांना वाढत होती. एकीच्या ताटात दही, दुसरीच्या चटणी, कोणाची भाकरी संपली की लगेच हजर. मला भरून आलं. मनात म्हटलं, काही का असेना, वळण चांगलं लागलंय. आपल्याकडं घरच्या माणसानं आधी पाहुण्यांना वाढायचं आणि मग आपण जेवायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

त्या कॉलेजवर मी तिथंच फुली मारली.

दुसरं कॉलेज अक्कलकोटच्या रस्त्याला, गावाबाहेर. तिथं हॉल नव्हता. मातीचं मैदान, कडेला दोन कडुनिंब आणि पाण्याची टाकी. शिकवणाऱ्या मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. घरी आल्या तेव्हा मी सहज सांगितलं होतं की माझं माहेर दुधनीचं, कर्नाटकाच्या सीमेवरचं. झालं, त्यांनी लगेच कन्नडमध्ये सुरू केलं. आताही भेटल्या भेटल्या, ऊटा आयता? म्हणजे जेवण झालं का. माझी अव्वा रोज शाळेतून आल्यावर मला हेच विचारायची. ते ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच मी सावध झाले. सरांनी चहाचं कौतुक केलं, ह्या बाईनं माझी आईच काढली. ही जास्त हुशार.

त्यांची रीत तर मला अजिबात कळेना. नव्या पोरींना पकड करायलाच द्यायच्या नाहीत. सकाळभर नुसतं साखळी करून हात धरायचे आणि डावीकडं सरकायचं, उजवीकडं सरकायचं. मग पडायला शिकवायचं. कुशीवर कसं पडायचं, अंगावर कोणी आलं तर पाय कसा सोडून घ्यायचा. नव्या पोरीला जुन्या कोपऱ्यावालीच्या शेजारी उभं करायचं, तिचा हात हातात द्यायचा आणि सांगायचं, ही काय करते ते हातातनं समजून घे. मी एकदा विचारलं, घोटा कधी शिकवणार? मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी. मला वाटलं थट्टा करतात, पण बाई हसली नाही.

आणि माझ्या पोरीला तर तेवढंही नाही. बाकीच्या नव्या पोरींना निदान शेवटी शेवटी सरावाच्या सामन्यात थोडं आत घ्यायच्या. हिला एकदाही नाही. ही कडुनिंबाखाली बसायची, म्हणजे टाकीच्या कठड्यावर, आणि गुण सांगायची. माझा नुसता संताप झाला. घरी येऊन चहा पिताना डावा कोपरा रिकामा आहे म्हणाली होती ही बाई! आता त्या कोपऱ्यावर एक काटकुळी पोर खेळत होती. मी तिच्याकडं नीट बघितलं. नाक अगदी मॅडमसारखं. म्हटलं, आलं लक्षात. भाची असणार. भाचीला खेळवायचं आणि शेजारी हात धरायला आमची पोर ठेवायची.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नाक सारखं असलं म्हणून भाची होत नाही. मी म्हटलं, तुम्हाला माणसं कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती काटकुळी पोर फोनवर तिच्या आईशी तेलुगूत भांडत होती. तिचे आजोबा मागावर चादरी विणायचे आणि मॅडमशी त्यांचं दूरदूरचं नातं नव्हतं. ठीक आहे, भाची नसेल. पण काहीतरी होतंच.

संशय एकदा घरात शिरला की तो सगळ्या खोल्या फिरतो. त्याच दिवसांत मला पोरीचंही काही ठीक दिसेना. बऱ्याच महिन्यांपासून ती तिची ट्रॅकपँट स्वतःच धुवायला लागली होती, मला हात लावू द्यायची नाही. आधी मला वाटलं शहाणी झाली. मग रोज संध्याकाळी शेजारच्या मैत्रिणीकडं जायची आणि बराच वेळ यायची नाही. मैत्रिणीला एक मोठा भाऊ आहे, मोटारसायकल उडवत फिरतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकदा मी साखर मागायचं निमित्त करून तिकडं गेले. पोर त्यांच्या फ्रीजजवळ बर्फाचा ट्रे घेऊन उभी होती. भाऊ घरात नव्हता. मी म्हटलं, बर्फ कशाला? ती म्हणाली, सरबताला. उन्हाळा होता, सरबत होणारच. मी साखर घेऊन परत आले आणि तो भाऊ कुठं गेला असेल ह्याचाच विचार करत बसले.

दुसऱ्या शिबिराचा शेवटचा दिवस आला. मी पुन्हा भाकऱ्या केल्या. खरं तर मन नव्हतं, पण एका ठिकाणी परीक्षा घ्यायची आणि दुसरीकडं नाही, हे बरोबर नाही. कडुनिंबाखाली चादर अंथरली. मॅडम स्वतः आधी मांडी घालून बसल्या. मग सगळ्या पोरी. तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही कोपऱ्यावाल्या होत्या, कव्हरवाल्याही होत्या, कोणाचं लग्न झालं नव्हतं. सगळ्या बसल्या, आणि जेवण झाल्यावर हात न टेकता उठल्या. मी डोळे फाडून बघत होते. एकीनंही पाय लांब केला नाही. माझी पोर वाढत होती, घाम पुसत, भाकरी मोडून देत.

मला आनंद झाला आणि लगेच राग आला. म्हणजे ह्या बाईला गुडघा सांभाळता येतो. मग माझ्या पोरीला आत का घेत नाही? तिच्यात काय कमी आहे? सगळं आवरून मी डबे बांधत होते तेव्हा मॅडम जवळ आल्या. मी विचारणारच होते, पण त्याच आधी बोलल्या.

"ताई, तुमी सगळ्यांना खाली बसवून बघितलं. मला कळलं कशासाठी ते. तुमची पोर बसलेली कधी बघितली?"

मी म्हटलं, ती वाढत होती.

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "रोजच वाढती. पहिल्याच दिवशी मी साखळीतनं खाली बसायला सांगितलं तर ती म्हणाली, मॅडम, मी पाणी आणते. म्हणून मी तिला पकड करू दिली न्हाय. तिनं माझ्यापुढं हात जोडले, शिबिर होईपर्यंत घरी सांगू नका म्हणाली. आज शिबिर संपलं."

डब्याची गाठ माझ्या हातातून सुटली. मला त्या बाईचा राग आला, लई राग आला. तुम्हाला कळलं होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, असं मी त्यांना तोडून बोलले. त्या खाली वाकल्या. डब्याची गाठ त्यांनीच बांधून दिली.

स्कूटरवर पोर माझ्यामागं बसली होती. अक्कलकोट रस्त्यावरून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आतून उलटी होत होती. बर्फ. ट्रॅकपँट, कारण जखडून बांधलेली पट्टी गुडघ्यावर कापड घासते आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नसतं. कडुनिंबाखाली सगळ्या जमिनीवर आणि ही टाकीच्या कठड्यावर. आणि घरी? घरी ती कितीतरी महिने मला म्हणत होती, आई, तू बस स्टुलावर, मी वाढते. तिच्या वडिलांना खाली पाट मांडून वाढायची आणि स्वतः ओट्यापाशी उभी राहून चार घास खायची. मी आल्यागेल्याला सांगायचे, माझी पोर बघा, सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवत नाही.

घरी आल्यावर मी कुकर लावला. नवरा बाहेर गेला होता. वरण-भात झाला तसं मी खाली एक पाट मांडला, ताट वाढलं आणि तिला म्हटलं, आज मी वाढते, तू बस.

ती दारात उभी राहिली. पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आई, मी कॉटवर बसू का?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडता आलं नाही. मी ताट उचललं आणि कॉटवर दिलं. तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, दाखव. तिनं ट्रॅकपँट वर केली. डावा गुडघा उजव्याच्या दीडपट होता. हात लावला तर गरम. थंडीत आंतरकॉलेज सामन्यात घोटा धरताना वळला होता, ती म्हणाली. शहरातल्या सरांनाही कळलं होतं. त्यांनी तिच्या गुडघ्याला ती रंगीत पट्टी लावून दिली आणि सांगितलं, थोडंफार असतंच, घरी बोलू नकोस, घरचे घाबरतात. म्हणजे मी खुर्चीवरून उठून तिच्या पकडी बघत होते, त्या सगळ्या ह्या गुडघ्यावर. एकानं पट्टी लावून खेळवलं आणि एकीनं न खेळवता बसवून ठेवलं. दोन कॉलेजांत काय फरक ते मला आता कळलं, आणि दोघांनाही कळलं ते मला कळलं नव्हतं, हेही कळलं.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"तू बूट माळ्यावर टाकले असतेस."

ही गोष्ट तिला मीच सांगितली होती, ती लहान असताना, माझ्या बापाची तक्रार म्हणून. खरंच टाकले असते. स्कूटरवरून येताना माळ्यावर कुठं जागा आहे तेच मी मनातल्या मनात बघत आले होते.

भात गार झाला. तिनं दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला. मी तिला सांगितलं की उद्या डॉक्टरकडं जायचं, मी बरोबर येणार, आणि डॉक्टर जे म्हणतील ते करायचं. मग त्या मॅडमकडं प्रवेश घ्यायचा. वर्षभर खेळायला मिळालं नाही तरी चालेल, कोपऱ्यावालीचा हात धरून उभी राहा. ज्या दिवशी ह्या पाटावर मांडी घालून बसशील आणि हात न टेकता उठशील, त्या दिवशी पकड कर.

"आणि तू मधेच बंद करणार नाहीस?"

"न्हाय करणार."

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंडाकडं, मग हातांकडं, मग परत तोंडाकडं. त्या गोड बोलणाऱ्या सरांकडं मी जसं बघितलं होतं, अगदी तसं. मग कॉटवरून एका पायावर भार देत उठली, कोपऱ्यात ठेवलेले बूट उचलले आणि स्वतःच्या कपाटात ठेवून त्याला कुलूप लावलं. किल्ली तिनं मला दिली नाही.